काप धुवायचे नसतात

८ जानेवारी

सासूबाई,

पाकिटावरचं अक्षर अनोळखी वाटलं म्हणून आपण हे पत्र उघडलं असेल, तर माझं निम्मं काम झालं. आता कृपा करून शेवटपर्यंत वाचा. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला माझं 'हॅलो' ऐकून आपण 'राँग नंबर' म्हणालात, आणि नंबर बरोबर आहे हे मी सांगेपर्यंत ठेवूनही दिलात.

काम साधं आहे. बटाट्याचे थर लावून, वर चीज घालून आपण ओव्हनमध्ये जो पदार्थ करता, त्याची कृती हवी आहे. माझ्या दुकानाच्या वरच्या ऑफिसांनी मिळून एक जेवण ठेवलं आहे. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं. मी भर चहाच्या वेळी बटाट्याचे थर करतो म्हणून बोलून बसलो. बटाटे किती, दुध किती, ओव्हन किती तापवायचा, एवढं कळवलंत तर उपकार होतील.

आपल्या लेकीला विचारलं असतं, पण ती सध्या कामात बुडालेली आहे. शिवाय आपल्याशी बोलणं सोडल्यापासून तिने हा पदार्थ घरात केलेला नाही, आणि मी आपल्याला लिहिलं हे कळलं तर ती मलाच ओव्हनमध्ये ठेवेल. म्हणून उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवावं.

आपला जावई

१३ जानेवारी

जावईबापू,

पत्र शेवटपर्यंत वाचलं. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला, त्यामुळे हाती आलेला कागद अर्धवट टाकता येत नाही, मग तो कितीही टाकाऊ असो. 'दुध' नव्हे, दूध. दीर्घ. तुमचं दूध पहिल्याच पत्रात नासलं, ओव्हनमध्ये त्याचं काय होईल ते दिसतंच आहे.

बोलणं तिने सोडलं, हे तुम्ही नीट लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमच्या लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर मी एवढंच म्हटलं होतं, की चष्मेवाल्याला पसंत करताना माझ्या मुलीने स्वतःचा चष्मा बहुतेक काढून ठेवला होता. चार माणसं हसली. तुम्हीसुद्धा हसलात. माझ्या मुलीला मात्र विनोद कळला नाही, आणि तेव्हापासून ती रेडिओवर साऱ्या जगाला बातम्या सांगते, फक्त आईला सांगत नाही. माझं काही अडलेलं नाही. रेडिओ मी केव्हाच भंगारात दिला. घरात फार छान शांतता असते.

कृती लिहून घ्या. बटाटे सोला. पातळ काप करा. काप तीन पाण्यांतून स्वच्छ धुऊन घ्या. भांड्याला लोणी चोळा. कापांचा एक थर, वर मीठ, मिरपूड, किसलेलं चीज, पुन्हा काप, असं भांडं भरेपर्यंत. वरून दूध आणि साय. ओव्हनमध्ये ठेवा आणि शिजलं की बाहेर काढा.

हे इतकं सोपं आहे की कुणालाही जमेल, असं मी आजवर म्हणत आले. तुमचं झालं की पुन्हा विचार करीन.

तुमची सासू (ह्यात माझा काही दोष नाही)

२० जानेवारी

सासूबाई,

आपल्या कृतीप्रमाणे सगळं केलं. काप तर इतके पातळ केले की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. तेवढं तरी माझ्या धंद्यात येतं. तीन पाण्यांतून धुतले. ओव्हन उघडला तेव्हा आत पांढरट पाणी होतं, त्यात काप तरंगत होते आणि वर चीजचा एक रबरी तवंग. दूध (दीर्घ) फाटलं होतं. चमच्याने उचलावं तर थर नावाला नाही. शेजारच्या मांजराने वास घेतला आणि माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

कुठे चुकलं ते कळेना. तीन-चार शंका आहेत. मिरपूड अजिबात न घालता चालेल का? मीठही बेताचंच? बटाटा चावावाच लागू नये, जिभेने दाबला तरी विरघळावा, इतका मऊ करता येतो का? आणि सगळं लहान भांड्यात, साधारण एका माणसापुरतं करायचं झालं तर दूध किती?

आपला जावई

२५ जानेवारी

जावईबापू,

ऑफिसांचं जेवण, आणि भांडं एका माणसापुरतं. बाकीचे बहुधा बघत बसणार. मिरपूड नको, मीठ नको, चावायला नको. ही ऑफिसं आहेत की पाळणाघर?

मी मूर्ख नाही. एका माणसापुरतं भांडं कोण शोधतं, हे मला नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. माझी मुलगी तुम्हाला सोडून गेली आहे, आणि तुम्ही एकटे बसून रडत रडत बटाटे सोलताय. मला आनंद झाला असं समजू नका. झाला, पण अगदी थोडा. ती कुठे राहते आहे ते कळवा. माझ्याकडे तिची खोली तशीच आहे. मुद्दाम ठेवलेली नाही, आवरायचा कंटाळा केला एवढंच.

पदार्थाचं म्हणाल तर आच जास्त झाली. दूध उकळू द्यायचं नाही. मंद ओव्हनमध्ये, भांड्यावर झाकण ठेवून शिजवा, आणि झाकण शेवटी शेवटी काढा. काप मात्र नीट धुवा. तुम्ही धुण्यात आळस केला असणार.

तुमची सासू (अजून तरी)

१ फेब्रुवारी

सासूबाई,

आपल्याला निराश करताना वाईट वाटतं, पण आपली लेक मला सोडून गेलेली नाही. आत्ता ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसली आहे आणि मी स्वयंपाकघरात भांडी का आपटतोय म्हणून इकडे बघते आहे. ती रोज नेमाने बातम्या वाचते, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिचं उत्तम चाललं आहे. तिच्या खोलीतली धूळ आपण खुशाल झटकावी.

दुसरा प्रयत्न केला. मंद आच, वर झाकण. काप चार पाण्यांतून धुतले, आळसाचा आरोप नको म्हणून. आमच्या ओव्हनचं दार नीट बसत नाही, त्याला खुर्ची टेकवून ठेवली. दूध फाटलं नाही, पण थर काही धरले नाहीत. पहिल्याइतकंच पाणी. सूप म्हणून प्यायलो असतो, पण सूपही बऱ्यापैकी असावं लागतं.

काही तरी आहे जे आपण सांगत नाही आहात. की हा पदार्थ आपल्या घराण्याबाहेर जमूच नये अशी सोय करून ठेवली आहे?

आपला जावई

५ फेब्रुवारी

जावईबापू,

रेडिओ मी भंगारात दिलेला नाही. तो माझ्या उशाशी आहे आणि सकाळ-संध्याकाळ चालू असतो. गेले कित्येक दिवस तिच्या बातम्या एक नाकात बोलणारा इसम वाचतो. तो प्रत्येक वाक्याच्या मध्येच श्वास घेतो आणि मंत्र्यांच्या नावांची वाट लावतो. मला वाटलं, तिने नोकरी बदलली असेल, किंवा रजेवर फिरायला गेली असेल. तुमच्याकडून कळेल म्हणून वाट बघत होते. तुम्ही लिहिलंत की ती रोज बातम्या वाचते.

खोटं बोलायचं तर निदान तपासून बोलावं.

मिरपूड नको. मीठ बेताचं. चावायला लागू नये. एका माणसापुरतं.

माझ्या मुलीच्या घशाला काय झालं आहे?

९ फेब्रुवारी

सासूबाई,

तिच्या गळ्यात गाठ होती. डिसेंबरात ऑपरेशन झालं. पहिल्यांदा हेच सांगतो, की गाठ साधी निघाली. रिपोर्ट मी इतक्या वेळा वाचला आहे की तो आता मला पाठ आहे. पण आवाजाची नस गाठीला चिकटलेली होती. ती काढताना नस तुटली नाही, दुखावली. डॉक्टर म्हणतात आवाज येईल. कधी आणि कसा, ते सांगत नाहीत. तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. ती पाटीवर लिहिते.

आपल्याला कळवायला तिने मला साफ मनाई केली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा लिहिलं ते हेच. मी विचारलं, का? तिने लिहिलं, "ती काहीतरी बोलेल आणि मला उत्तर देता येणार नाही."

गिळताना दुखतं म्हणून इतके दिवस पेज आणि सूप. दोन्ही समोर आलं की ती भिंतीकडे बघते. वजन उतरलं आहे. आरशासमोर ओठ हलवून बातम्या वाचते आणि मी आलो की केस विंचरत असल्याचं दाखवते. जानेवारीत एकदा मी विचारलं की काही तरी सांग, जे खावंसं वाटतं. बराच वेळ पाटी हातात धरून बसली आणि मग लिहिलं, "बटाट्याचे थर." कुणाच्या हातचे, ते लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ऑफिसांचं जेवण मी रचलं. माझ्या कल्पनाशक्तीची झेप तेवढीच.

आता कालची गोष्ट. मी नळाखाली काप धूत होतो. ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली, थांबली, बघत राहिली आणि मग पाटी आणून माझ्या नाकासमोर धरली. "काप कोण धुतं? आई कधीच धूत नाही. धुतले की चिकटपणा जातो आणि थर धरत नाहीत." खाली दुसरी ओळ, अधिक जोरात दाबून: "धुवायला कुणी सांगितलं?"

मी खोटं बोलण्यात किती पटाईत आहे ते आपल्याला माहीतच आहे. तिला सगळं कळलं.

काप न धुता केलं. थर धरले. तिने अर्धं भांडं संपवलं, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ताटावरून उठायची घाई केली नाही. माझ्याशी मात्र अजून रागावलेली आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं की ते ओरडणं धरायचं असतं.

तेव्हा विचारतो. आपण मेख मारून ठेवलीत ती का? मी तोंडघशी पडावं म्हणून, हे मला मान्य आहे, सवय आहे. पण ताट तिच्यापुढे जाणार होतं.

जावई

१४ फेब्रुवारी

जावईबापू,

ताट कुणापुढे जाणार होतं ते तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. तुम्ही ऑफिसं सांगितली होतीत. ऑफिसांनी पाणी प्यायलं असतं तर माझं काही बिघडणार नव्हतं.

मेख का मारली, ते विचारता. इतक्या वर्षांत त्या घरातून मला आलेला तो पहिला कागद होता. त्यात ती कामात बुडालेली आहे, एवढं एक वाक्य होतं. ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पदार्थ पहिल्याच फटक्याला जमला असता, तर तुम्ही दुसरं पत्र कशाला लिहिलं असतंत? आभार मानले असते आणि विषय संपला असता. म्हणून म्हटलं, धुऊ देत काप. बिघडलं की लिहितील.

ह्याचा अर्थ मला तुमची पत्रं आवडतात असा काढू नका. शुद्धलेखन भयंकर आहे.

आता नीट लिहिते. काप धुवायचे नाहीत. भांड्याला लोण्याआधी लसणाची एक पाकळी चोळा, खायला नाही, वासापुरती. दूध आणि साय आधी कोमट करून मग ओता, थंड घालू नका, म्हणजे तिला हवा तसा मऊपणा येईल. शिजल्यावर लगेच वाढू नका. थोडा वेळ तसंच राहू द्या, म्हणजे थर बसतात. घशाला गरम लागू नये म्हणूनही ते बरं. वरचं तांबूस चीज तिला वाढताना काढून टाका, कडक असतं, टोचेल. लहानपणी ती तेवढंच खायची आणि बाकीचं माझ्या ताटात सरकवायची.

मी येणार नाही. तिने मनाई केली आहे आणि मी न बोलावता कुणाकडे जात नाही. तिला सांगा, की मी काही बोलणार नाही.

हे शेवटचं वाक्य सांगू नका. ती विश्वास ठेवणार नाही.

सासू

१९ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र त्याने मला वाचायला दिलं. म्हणजे टेबलावर ठेवून तो मुद्दाम अंघोळीला गेला आणि तासभर आलाच नाही. त्याला अभिनय येत नाही हे तू ओळखलंस, ह्याबद्दल तुझं कौतुक.

काल तुझ्या पद्धतीने केलं. लसूण जरा जास्त चोळला गेला. थर बरे होते. तुझ्यासारखे नाहीत, आणि हे मी तुला खूश करायला लिहीत नाही, खायला मला लागतात म्हणून लिहिते.

त्या पायऱ्यांवर तू जे बोललीस ते मला चांगलं कळलं होतं. विनोद म्हणूनच कळला. लोक हसले, तोही हसला, आणि मग घरी जाईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तू कधी त्याचा तो चेहरा पाहिला नाहीस. मी पाहिला. म्हणून बोलणं सोडलं. तुला वाटत होतं मला विनोदाचं वावडं आहे. नाही. मला तो तुझ्याकडूनच मिळाला आहे, फक्त मी तो माणूस बघून वापरते.

हल्ली घरात मी पाटी घेऊन हिंडते. दुकानात गेले तर लोक मला बहिरी समजून मोठ्याने बोलतात. रेडिओच्या ऑफिसने फुलं पाठवली आणि त्याबरोबर चिठ्ठी, की तुमचा आवाज आम्हाला फार आठवतो. मलाही आठवतो. कधीकधी स्वप्नात मी बातम्या वाचते आणि माइक बंद असतो. जागी झाले की आधी तोंड उघडून बघते. त्याला हे सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी अजून निदान महिनाभर तोंड उघडायचं नाही असं बजावलं आहे. तू काय वाटेल ते बोल, मी उलट उत्तर देणार नाही. तुला यायला ह्याहून चांगली वेळ पुन्हा मिळणार नाही.

मोठी परात आण. आमच्याकडे नाही.

तुझी लेक

१२ एप्रिल

चष्मेवाल्या,

सुखरूप घरी पोहोचले. तुमच्या घरातल्या त्या गादीने माझी कंबर कायमची कामातून गेली आहे, ती वगळता सगळं ठीक. ओव्हनचं दार दुरुस्त करून घे. दाराला खुर्ची टेकवून ठेवायची तर माणसाने बसायचं कशावर, हा विचार करून मला झोप लागत नसे. आणि चहाचा कप एकदा धुतला तरी स्वच्छ होतो. माझ्या मुलीने कपाटातले चष्मे पुसायला ठेवलेलं फडकं तू कपांना वापरतोस हेही मी पाहिलं आहे.

तिने फोनवर सांगितलं की कामावर जायला लागली. सध्या बातम्या लिहून देते आणि तो नाकातला वाचतो. माइकपुढे बसवायचं की नाही ते उन्हाळ्यानंतर ठरवतील. आवाज आता जाडा आहे, पहिल्यासारखा होईलसं मला वाटत नाही. तिलाही वाटत नाही. मी तिला म्हटलं, तुझा जुना आवाज ऐकून लोकांना बातम्या गोड वाटायच्या, आता खऱ्या वाटतील. ती फोनवर बराच वेळ हसली. हसणं मात्र जुनंच आहे.

एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती पहिला शब्द कुणापाशी खर्च करते ह्याची मला उत्सुकता होती. त्या रविवारी जेवताना ती तुझ्याकडे वळून 'ऐक ना' म्हणाली. नऊ महिने पोटात मी वागवलं, रात्री मी जागले, आणि पहिला शब्द तुझ्या पदरात. हरकत नाही. फार चढून जाऊ नकोस.

सासू

१८ एप्रिल

आई,

ओव्हन दुरुस्त करणारा येऊन गेला. दाराला नवी बिजागरी बसवली. आत काही बिघाड आहे का तेही बघायला सांगितलं, कारण त्या शनिवारी मी घरी आलो तेव्हा सगळे थर वरून कोळसा झाले होते आणि आपण दोघींनी एका सुरात (एकीने तोंडाने, दुसरीने पाटीवर) ओव्हन खराब आहे म्हणून सांगितलं होतं. त्याने तासभर तपासून सांगितलं की ओव्हनला काहीही झालेलं नाही.

मला ते माहीत होतं. शनिवारी दुपारी मी एका गिऱ्हाइकाची फ्रेम घरी विसरलो होतो म्हणून परत आलो होतो. दार लोटलेलं होतं. आपण ओव्हनकडे पाठ करून, परात पुसत, तिने रंग दिलेली भिंत किती भयाण दिसते हे तिला समजावून सांगत होतात. मी पॅसेजमध्ये बूट काढत होतो. तेवढ्यात तिचा आवाज आला. घोगरा, खरखरीत, कुणा दुसऱ्याच बाईचा वाटावा असा.

"आई, जळतंय."

आपण मागे वळला नाहीत. "ऐकू येतंय मला, ओरडू नकोस," म्हणालात, आणि परात पुसत राहिलात. मग परात खाली ठेवलीत. मग आपण दोघी तिथेच फरशीवर बसलात, आणि धूर यायला लागला तरी दोघींपैकी कुणीही ओव्हन बंद केला नाही.

मी बूट हातात घेऊन जिना उतरलो. त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, फ्रेम उद्या मिळेल. संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी आलो, जळकं खाल्लं आणि ओव्हनला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे वळली, घसा साफ केला, आपल्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ऐक ना." मी हातातला चमचा टाकला. चमचा मुद्दाम टाकला होता. बाकी जे झालं ते मुद्दाम नव्हतं, ते आपण पाहिलंच.

तिला वाटतं मला माहीत नाही. आपल्यालाही वाटत होतं. दोघींनी माझ्यासाठी एवढं ठरवून खोटं बोलावं, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. तिला सांगू नका.

पण तुमच्या पत्रातली ती ओळ मला तशीच सोडवेना. तिचा पहिला शब्द 'आई' होता. उगाच माझ्या नावावर करू नका.

तुमचा जावई